आण्याची आमटी-भाकरी

कल्याण-नगर महामार्गाने आळेफाट्यावरून नगरकडे जाताना आणे घाट चढला की आणे गाव लागतं. इथली रंगदास स्वामींची यात्रा हिवाळ्यात भरते आणि तिचा महाप्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. मोठमोठ्या कढयांत उकळणारी लालभडक, झणझणीत आमटी आणि बाजरीची भाकरी. पठार कमी पावसाचं, म्हणून पीक बाजरीचं, आणि प्रसादही तिचाच! भाकरी कुस्करून वर आमटी ओतायची, ती मुरेपर्यंत थांबायचं, मग हातानेच ओरपायची. कपाळाला घाम फुटतो, तरी हात थांबत नाही. पंगतीत अनोळखी माणूसही आग्रहाने वाढतो. माझ्या मते कुठल्याही हॉटेलात ही चव मिळणार नाही.

यात्रा नसेल तेव्हा या भागात मासवडी मागा. नावात मासा असला तरी शाकाहारी. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापून त्यात तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरतात, गुंडाळून वड्या कापतात आणि तिखट रश्शासोबत वाढतात.

वाटेत घाटातला गुळुंचवाडीचा नैसर्गिक दगडी पूलही बघा. आमटी खाल्ली असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा!