बिबट्या इमारतीत शिरतो तेव्हा

२४ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी कल्याण पूर्वेच्या चिंचपाडा भागात एका रहिवासी इमारतीत बिबट्या शिरला. काही जण जखमी झाले. वनविभागाच्या माणसांनी अनेक तासांच्या प्रयत्नांनंतर त्याला बेशुद्ध करून पकडले. त्याआधी २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्याच्या समतानगर परिसरातही असाच प्रसंग घडला होता. अशा वेळी मुले हमखास विचारतात, ‘इंजेक्शन मारले की बिबट्या लगेच झोपत नाही का? मग इतका वेळ का लागतो?’

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की वनरक्षकाचे काम काय असते हेही कळते.

बिबट्याला बेशुद्ध करण्यासाठी साधारणपणे केटामाइन आणि झायलाझिन ही औषधे एकत्र वापरतात. केटामाइनने शुद्ध हरपते, तर झायलाझिनने स्नायू सैल पडतात. बंदुकीतून सुटलेली सुई स्नायूत शिरते. तेथून औषध रक्तात मिसळून मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. बिबट्या शांत असेल तर साधारण दहा-पंधरा मिनिटे पुरतात. पण तो घाबरलेला असेल तर त्याच्या रक्तात अॅड्रिनॅलिन वाढलेले असते. मग औषधाचा परिणाम उशिरा होतो, कधी अपुरा होतो आणि दुसरी मात्रा द्यावी लागते.

मात्रा वजनावर ठरते. जिन्याखालच्या अंधारात दबून बसलेल्या बिबट्याचे वजन ३५ किलो की ६० किलो, हे नजरेनेच ठरवायचे असते. मात्रा कमी पडली तर अर्धवट शुद्धीतला प्राणी अंगावर येतो. जास्त झाली तर त्याचा श्वास मंदावतो.

सुई पशुवैद्य मारतात. पण त्यानंतरच्या त्या मिनिटांत बिबट्या कुठेही धावू शकतो. त्या वेळी जाळी धरून वाटा अडवणारे असतात ते वनरक्षक, वनपाल आणि वनमजूर. बिबट्या निपचित पडल्यावरही काम संपत नाही. केटामाइनमुळे डोळे उघडेच राहतात म्हणून ते कापडाने झाकावे लागतात. शरीराचे तापमान आणि श्वास यांवर सतत लक्ष ठेवावे लागते.

या सगळ्यात मोठा अडथळा कोणता? गर्दी! आरडाओरडा आणि दगडफेक यांमुळे बिबट्या बिथरतो, औषध लागू पडत नाही आणि पळायची वाट सापडेना की तो माणसांवरच झेपावतो.

अशा प्रसंगांना वर्तमानपत्रात जागा मिळते. वनरक्षकाचे रोजचे काम मात्र दिसत नाही. त्याच्याकडे जंगलाचा एक ठरलेला भाग असतो, त्याला नियतक्षेत्र म्हणतात. तेथे पायी गस्त घालणे, फासे शोधून काढणे, उन्हाळ्यापूर्वी वाळलेले गवत काढून जाळरेषा तयार करणे, ठसे आणि विष्ठा यांची नोंद करणे ही कामे वर्षभर चालतात. येऊरच्या जंगलातही ती चालतात. देशातील वाघांचा अंदाजही अशाच नोंदींवर उभा असतो. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात याच कामासाठी पायी फिरत असताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या.

३१ जुलै हा जागतिक वनरक्षक दिन, तर ११ सप्टेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय वन हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी भाषणाऐवजी वर्गात पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. भरलेले दप्तर दहा पावलांवर ठेवून मुलांना त्याचे वजन सांगायला लावावे. मग ते तराजूवर तोलावे. कोणाचा अंदाज शेकडा किती चुकला? तेवढीच औषधाची मात्रा चुकली असती.

२. जवळच्या वनरक्षकांना शाळेत बोलवावे. त्यांच्या नियतक्षेत्राचा नकाशा मुलांनी त्यांना विचारत विचारत काढावा.

३. बिबट्या दिसला तर काय करायचे, हे मुलांनी घरी सांगावे. मुलांना आत घ्यावे, दारे लावावीत, १९२६ या क्रमांकावर वनविभागाला कळवावे आणि पाहायला जाऊ नये.

वनरक्षकांना आपली खरी मदत होते ती या शेवटच्या गोष्टीने. रस्ता मोकळा असेल तर बिबट्या वाचतो आणि जाळी धरून उभा असलेला माणूसही संध्याकाळी सुखरूप घरी जातो.