जिप्समची भिंत घालताय? ठेकेदार पारखून घ्या

मुलगा दहावीत गेला, सासूबाई गावाहून कायमच्या राहायला आल्या किंवा घरातल्या कोणी घरूनच काम सुरू केले, की दोन खोल्यांच्या घरात तिसरी खोली शोधण्याची वेळ येते. विटांची भिंत घालायची म्हटली तर वाळू, सिमेंट, पाणी, राडारोडा आणि घरभर धूळ. शिवाय तिचे वजन स्लॅबला पेलेल का, ही वेगळीच काळजी. अशा वेळी शेजारीपाजारी हमखास सुचवतात, ‘‘जिप्समचे पार्टिशन घाला की! चार दिवसांत काम होते.’’

सल्ला चुकीचा नाही. अशी भिंत विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी हलकी असते, ओल्या कामाची कटकट नसते आणि पुढे नको झाली तर काढताही येते. अडचण वेगळीच आहे. काम चांगले झालेले असो वा वाईट, रंग लागल्याच्या दिवशी दोन्ही भिंती सारख्याच पांढऱ्याशुभ्र दिसतात. फरक कळतो सहा महिन्यांनी, जेव्हा सांध्यांवर तडे दिसू लागतात किंवा टीव्हीचा स्टँड भिंतीतून उखडून येतो. तोवर ठेकेदाराचे पैसे चुकते झालेले असतात आणि त्याचा फोन लागत नाही.

बोर्डाच्या आत काय असते?

दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्समचा थर, हा झाला बोर्ड. पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा करून त्यावर तो स्क्रूने बसवतात. अमेरिकेत १८९४ मध्ये ऑगस्टीन सॅकेट यांनी कागद आणि जिप्समच्या थरांच्या बोर्डाचे पेटंट घेतले. तिकडच्या घरांतल्या आतल्या भिंती आज बहुतांशी अशाच असतात आणि हे काम करणारे कारागीरही वेगळे असतात. आपल्याकडे मात्र पीओपीवाला, सुतार, रंगारी, कोणीही हे काम अंगावर घेतो. म्हणूनच माणूस निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात.

जिप्समच्या वजनात सुमारे एकपंचमांश पाणी बांधलेले असते. आग लागली की ते वाफ होऊन निघते, त्यामुळे बोर्ड लवकर तापत नाही. पण बाहेरून येणारे पाणी हा त्याचा शत्रू. न्हाणीघर किंवा मोरीच्या बाजूला ओल सोसणारा बोर्ड मागावा. त्याचा कागद सहसा हिरवट असतो. मात्र ओल सोसणारा म्हणजे पाण्यात भिजत राहणारा नव्हे, हे लक्षात ठेवावे.

मिस्त्री कुठे शोधाल?

घर पुण्यात असो, इंदुरात असो की बडोद्यात, पहिली चौकशी आपल्याच इमारतीत करावी. कोणाकडे पार्टिशन किंवा फॉल्स सीलिंग झाले आहे आणि त्याला किमान एक पावसाळा उलटला आहे का, ते विचारावे. शक्य असल्यास ते काम स्वतः पाहून यावे. नुकतेच संपलेले काम पाहून काहीच कळत नाही. जुन्या कामावर टॉर्चचा उजेड तिरपा पाडला की सांध्यांचे उंचवटे आणि तडे लगेच दिसतात.

बोर्डांचे घाऊक विक्रेतेही चांगल्या कारागिरांची नावे सांगू शकतात. निदान तिघांकडून लेखी अंदाज घ्यावा. घर न पाहता, माप न घेता फोनवरच आकडा सांगणाऱ्याला दूरच ठेवावे. काम तो स्वतःच्या माणसांकडून करणार की दुसऱ्याला उक्ते देणार, हेही विचारून घ्यावे.

दर एकच, मापे दोन

सर्वांत जास्त भांडणे मापावरून होतात. समजा, १२ फूट लांब आणि १० फूट उंच पार्टिशन घालायचे आहे. भिंत झाली १२० चौरस फूट. पण बोर्ड दोन्ही बाजूंना लागतो, म्हणजे २४० चौरस फूट. हिशेबाच्या सोयीसाठी दर १०० रुपये धरला, तर एका मापाने बिल १२ हजार आणि दुसऱ्या मापाने २४ हजार! त्यात ७ फूट बाय ३ फुटांचे दार असेल, तर ते २१ चौरस फूट वजा होणार का, तेही आधीच ठरवावे.

बोर्ड साधारणपणे ६ फूट बाय ४ फूट मापाचा मिळतो. म्हणजे वरच्या भिंतीला एका बाजूला पाच, दोन्ही मिळून दहा बोर्ड आणि कापाकापीसाठी एखाददुसरा जास्त. एवढा हिशेब घरच्या घरी केला, तर आलेला माल मोजून घेता येतो.

अंदाजपत्रकात बोर्डाची कंपनी आणि जाडी (सहसा साडेबारा मिलिमीटर), सांगाड्याच्या पत्र्याची जाडी, सांधे भरणे, दिव्यांसाठी भोके पाडणे, रंग आणि राडारोडा उचलणे, या प्रत्येकाचा स्वतंत्र उल्लेख हवा. साध्या जिप्सम बोर्डासाठी भारतीय मानक आयएस २०९५ आहे. तो आकडा आणि आयएसआय चिन्ह बोर्डावर पाहून घ्यावे. सोसायटीची लेखी परवानगीही काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी.

बोर्ड बंद होण्यापूर्वी

या कामात खरी कसोटीची घडी एकच. सांगाडा उभा झाला आहे, पण बोर्ड लागलेले नाहीत, ती. त्या दिवशी घरातल्या कोणीतरी एकाने रजा घ्यावी. एकदा बोर्ड लागला की आतले काही दिसत नाही.

पार्टिशनमधल्या उभ्या पट्ट्या एकमेकींपासून २ फुटांपेक्षा लांब नसाव्यात, सीलिंगमधल्या दीड फुटापेक्षा. ओळंबा आणि पाणसळ लावून दाखवायला सांगावे. विजेच्या तारा पाइपातूनच गेलेल्या असाव्यात. टीव्ही, कपाट, एसी किंवा पुस्तकांची फळी जिथे लागणार, तिथे आतून प्लायवूडची पट्टी बसलेली हवी. नुसत्या बोर्डावर जड वस्तू टिकत नाही. अभ्यासाच्या खोलीत आवाज जाऊ नये असे वाटत असेल, तर पोकळीत ग्लासवूल किंवा रॉकवूल भरून घेण्याची वेळही हीच. आणि हो, मोबाइलवर प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना तार कुठे आहे, ते त्यावरून कळेल.

सीलिंगच्या बाबतीत तर हयगय नकोच. १२ फूट बाय १० फुटांच्या खोलीत पाच बोर्ड वर लागतात. एकेक बोर्ड १८ किलोच्या आसपास. सांगाडा धरून जवळजवळ एक क्विंटल वजन मुलांच्या डोक्यावर लटकते. ते स्लॅबमध्ये नीट बसवलेल्या पट्ट्यांवर टांगलेले हवे. लाकडी गुट्टी ठोकून भागवलेले चालणार नाही. पंखा तर सीलिंगच्या सांगाड्याला कधीच नको. त्याचा हूक थेट स्लॅबमध्येच असावा.

पुढची पायरी सांध्यांची. दोन बोर्डांमधली फट खास मसाल्याने भरून वर कागदी किंवा जाळीची पट्टी बसवतात. वेळ आणि पैसे वाचवण्यासाठी काही जण नुसते पीओपी फासतात. वर्षभरात दिसणारे तडे बहुधा इथूनच सुरू होतात. एक थर वाळल्यावरच दुसरा द्यायला हवा. पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ लागतो, म्हणून घाई करू नये.

पैसे टप्प्याटप्प्याने

सगळे पैसे आधी देऊ नयेत आणि कारागिराची मजुरी अडवूनही धरू नये. माल घरात आल्यावर पहिला हप्ता, सांगाडा तपासून झाल्यावर दुसरा, सांधे घासून झाल्यावर तिसरा, असे ठरवावे. एकूण रकमेचा दहावा हिस्सा रंगानंतर महिनाभर राखून ठेवण्याची अट आधीच लिहून घ्यावी. दुसरा हप्ता सांगाड्याशी जोडला की ठेकेदार आपणहून बोलावतो, ‘‘ताई, बघून घ्या, मग बोर्ड लावतो.’’

दुरुस्तीची वेळ आली तर

दाराच्या मुठीने पडलेले भोक बुजवणे अवघड नाही. भोकाभोवती चौकोन कापून, मागे आधाराची पट्टी देऊन नवा तुकडा बसवतात आणि सांधा भरतात. एवढ्याशा कामाला ठेकेदार सहसा येत नाही. घरातली किंवा शेजारची चार बारीकसारीक कामे एकत्र केली, तर एका दिवसाच्या मजुरीत तो खुशीने करून देतो.

पाण्याचा डाग मात्र नुसता रंगवू नये. आधी गळती कुठून आहे ते शोधावे, ती बंद करावी, मगच बोर्डाला हात लावावा. फुगलेला, खाली झुकलेला किंवा काळी बुरशी धरलेला बोर्ड बदलावाच लागतो. सीलिंगमध्ये पाणी साचले असेल, तर त्या खोलीचा वीजपुरवठा मेन स्विचवरून आधी बंद करावा. इमारत नवी असून ताबा मिळून ५ वर्षे झाली नसतील, तर २०१६ च्या रेरा कायद्यानुसार बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. ठेकेदाराला पैसे देण्याआधी बिल्डरला लेखी कळवावे.

ठेकेदाराने काम अर्धवट सोडले किंवा निकृष्ट केले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण तिथे विचारतील, ‘‘पक्के बिल आहे का? करार आहे का?’’ म्हणून कागद, पावत्या आणि ते सांगाड्याचे फोटो एकाच फाइलमध्ये जपून ठेवावेत.