त्वचेखाली थिजणारे औषध

मध्य प्रदेशातल्या बिरसा भागातल्या गावांत दुखणे बळावले की रोग्याला बालाघाटला न्यायचे, नाहीतर गोंदियाला, आणि कर्करोगासारखे काही निघाले तर थेट नागपूरला. प्रत्येक खेपेला मजुरी बुडते, सोबतीला घरचे एक माणूस लागते. प्रोस्टेटच्या कर्करोगात तर इंजेक्शने वर्षानुवर्षे चालू शकतात. तिथे सहा महिन्यांतून एकच सुई पुरणे ही केवढी मोठी सोय! अशा सुईला अमेरिकेत २००४ मध्येच मान्यता मिळाली.

या सुईतले ल्युप्रोलाइड हे औषध टेस्टोस्टेरॉन दाबून धरते. या कर्करोगाचे पोषण बहुधा त्यावरच होते. पण औषध नुसते टोचले तर शरीर काही तासांत त्याचा निकाल लावते. म्हणून ते एका पॉलिमरच्या द्रावणातून देतात. हा पॉलिमर लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांच्या साखळीचा. शस्त्रक्रियेतले आपोआप विरघळणारे टाके याच घराण्यातले. तो पाण्यात विरघळत नाही, एनएमपी नावाच्या द्रावकात मात्र विरघळतो. सगळी करामत इथेच आहे. द्रावण त्वचेखाली गेले की द्रावक आजूबाजूला पसरून जातो, शरीरातले पाणी आत शिरते आणि पॉलिमर जागच्या जागी थिजतो. औषध त्यात अडकून राहते आणि हळूहळू झिरपते. पुढे तेच पाणी साखळीचे दुवे तोडत जाते. उरते ते लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्यातलेच, आणि त्याचे ग्लायकॉलिक भावंड. काढून टाकायला मागे काही राहत नाही.

अमेरिकेत रिचर्ड डन आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेले हे तंत्र १९९८ मध्ये हिरड्यांच्या आजारावरच्या औषधासाठी मान्य झाले. ल्युप्रोलाइडची महिन्याची सुई २००२ ची.

सुई देण्याआधीची तयारी पाहण्यासारखी असते. एका सिरिंजमध्ये चिकट द्रव, दुसरीत औषधाची भुकटी. दोन्ही तोंडाला तोंड जोडून परिचारिका मिश्रण साठेक वेळा इकडून तिकडे ढकलते. नुसते हलवून भागत नाही. मग अर्ध्या तासाच्या आत टोचावेच लागते.

उणिवाही आहेत. गोळा घट्ट होण्याआधी औषधाचा एक लोंढा निसटतो, त्यामुळे पहिल्या दिवसांत रक्तातले प्रमाण चढते. अफूवर्गीय व्यसनावरचे ब्युप्रेनॉर्फिनचे असेच इंजेक्शन २०१७ मध्ये आले. ते चुकून शिरेत गेले तर तिथेच घट्ट होऊन जिवावर बेतू शकते, अशी ठळक सूचना त्यावर छापलेली असते.

काही औषधांना पॉलिमरही लागत नाही. लॅनरिओटाइड या औषधाचे रेणू पाण्यात स्वतःच रचले जाऊन सुमारे २४ नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ नळ्या बनवतात, आणि औषधाचाच जेल होतो. मला तरी यात सर्वांत नवल हेच वाटते. मुंबईच्या सिप्लाच्या लॅनरिओटाइडला डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

खेड्यापाड्यांतल्या बायकांना अंगात साठून राहणारे औषध अपरिचित नाही. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारे ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिने पुरते. ते जेल नव्हे. त्याचे बारीक स्फटिक सावकाश विरघळतात. ही योजना २०१७ ची, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडची.

आता एचआयव्ही रोखणारे लेनाकापाविर सहा महिन्यांची मजल मारते. पोटाच्या त्वचेखाली दिलेले हे औषध तिथेच साका धरून साठते. ऑक्टोबर २०२४ मध्ये १२० देशांसाठी त्याची स्वस्त आवृत्ती बनवण्याचे परवाने सहा कंपन्यांना मिळाले. त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. मात्र पुढची सुई चुकली तरी हे औषध थोड्या मात्रेत महिनोन्महिने अंगात रेंगाळते, आणि तेवढ्या काळात लागण झालीच तर विषाणू त्याच औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.