पाचवी फेर्मा संख्या
४,२९,४९,६७,२९७ ही पूर्णांक संख्या. २ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळविला असता ती येते. अविभाज्य संख्यांविषयीचे एक प्रसिद्ध अनुमान या संख्येमुळे असत्य ठरले. म्हणून संख्या सिद्धांताच्या इतिहासात तिला विशेष स्थान आहे.

२ चा न वा घात हाच घातांक मानून २ चा घात काढला व त्यात १ मिळविला, म्हणजे फेर्मा संख्या मिळते. न = ०, १, २, ३ व ४ यांकरिता अनुक्रमे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात आणि त्या सर्व अविभाज्य आहेत. त्यावरून अशा सर्वच संख्या अविभाज्य असाव्यात, असे मत प्येअर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी १६४० मध्ये पत्रव्यवहारातून मांडले. मात्र त्याची सिद्धता त्यांना देता आली नाही. १७३२ मध्ये लेओनार्ट ऑयलर यांनी न = ५ करिता येणारी प्रस्तुत संख्या विभाज्य असल्याचे दाखविले :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

हे दोन्ही अवयव अविभाज्य आहेत.

या संख्येचा लहानात लहान अवयव शोधण्यासाठी ६५,५३६ पर्यंतच्या सर्व, म्हणजे ६,५४२ अविभाज्य संख्यांनी भाग देऊन पाहावे लागेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तिचा प्रत्येक अविभाज्य अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या रूपाचाच असतो, असे ऑयलर यांनी सिद्ध केले. या रूपाच्या अविभाज्य संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१,... अशा असल्यामुळे पाचव्याच प्रयत्नात भाग जातो.

प्रत्यक्ष भागाकार न करताही हे सिद्ध करता येते. ६४० चा चौथा घात वजा १ या संख्येस ६४० + १, म्हणजे ६४१ ने नि:शेष भाग जातो. ६४० = ५ × १२८ असल्यामुळे हा चौथा घात ६२५ × (२ चा २८ वा घात) इतका होतो. तसेच ६४१ = ६२५ + १६ असल्याने ६२५ × (२ चा २८ वा घात) अधिक (२ चा ३२ वा घात) या बेरजेसही ६४१ ने भाग जातो. या बेरजेतून पहिली संख्या वजा केली असता २ चा ३२ वा घात अधिक १ हीच संख्या उरते. अर्थात तिलाही ६४१ ने भाग जातो.

फेर्मा संख्यांचा भूमितीशीही संबंध आहे. विषम संख्येइतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने काढता येण्यासाठी बाजूंची संख्या ही अविभाज्य फेर्मा संख्या किंवा अशा भिन्न संख्यांचा गुणाकार असावी लागते. ही अट पुरेशी असल्याचे कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध केले व ती आवश्यक असल्याची सिद्धता प्येअर वांत्सेल यांनी १८३७ मध्ये दिली. पहिल्या पाच फेर्मा संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ असून तितक्या बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते. त्याहून दोनच बाजू अधिक असलेली मात्र काढता येत नाही.

न = ५ ते ३२ यांकरिता येणाऱ्या सर्व फेर्मा संख्या विभाज्य असल्याचे सिद्ध झाले असून ६५,५३७ च्या पुढील एकही अविभाज्य फेर्मा संख्या ज्ञात नाही. तथापि त्यापुढे अशी संख्या नाहीच, असेही सिद्ध झालेले नाही. पहिल्या पाच उदाहरणांवरून बांधलेले फेर्मा यांचे अनुमान सहाव्या उदाहरणाला फसले. त्यानंतरची ज्ञात उदाहरणे कितीही एकमुखी असली, तरी सिद्धतेची जागा ती घेऊ शकत नाहीत.