४,२९,४९,६७,२९७ : फर्माला चकवणारी संख्या

२ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मिळते. ती ६४१ आणि ६७,००,४१७ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, हे कोणीही कागदावर पडताळू शकतो. तरीही ते उघड व्हायला सुमारे ९२ वर्षे लागली.

सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती प्येर द फर्मा याने २ चे १, २, ४, ८, १६ असे दुपटीने वाढणारे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही संख्या मूळ निघाल्या. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असे त्याने १६४० मध्ये मांडले. सिद्धता त्याच्याकडे नव्हती.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितीने पत्रातून हा प्रश्न लेओनार्ड ऑयलर या दुसऱ्या गणितीपुढे ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलरने सहाव्या, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ या संख्येचा ६४१ हा अवयव दाखवून दिला. सहाव्या संख्येचा अवयव सरधोपटपणे शोधायचा, तर ६५,५३६ पर्यंतच्या साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहण्याची तयारी हवी. पण पुढे ऑयलरनेच सिद्ध केले, की या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागले तर बाकी १ उरते. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकारात काम फत्ते! गंमत अशी, की या सिद्धतेचा आधार फर्माचेच लघु प्रमेय आहे. हत्यार त्याच्या हातात होते. तरीही ६४१ त्याला सापडला नाही, एवढेच.

भागाकार न करताही ६४१ ची खात्री पटते. ६४१ म्हणजे २ च्या सातव्या घाताची पाचपट अधिक १. म्हणून त्या पाचपटीला, म्हणजे ६४० ला, ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते. ६४० चा चौथा घात घेतला की बाकी १ होते. आणि हा घात म्हणजे ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८वा घात. आता ६४१ ही ६२५ आणि १६ यांची, म्हणजे ५ आणि २ यांच्या चौथ्या घातांची बेरीजही आहे. तेव्हा बाकीच्या हिशेबात ५ च्या चौथ्या घाताऐवजी २ चा चौथा घात उणे चिन्हासह घेता येतो. परिणामी २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ येते. त्यात १ मिळवला की शून्य.

या संख्येतून २ वजा केले तर ४,२९,४९,६७,२९५ उरतात. हा फर्माच्या पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार. संगणकाच्या ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याही हीच. १७९६ मध्ये गाउस या गणितीने फर्माच्या मूळ संख्यांचा सुसम बहुभुजांशी संबंध जोडला. त्यामुळे केवळ पट्टी व कंपास वापरून काढता येणाऱ्या, बाजूंची संख्या विषम असलेल्या ज्ञात सुसम बहुभुजांत सर्वाधिक बाजू ४,२९,४९,६७,२९५ एवढ्याच ठरतात. सहावी मूळ फर्मा संख्या सापडली तरच हा आकडा बदलेल. ती आजवर सापडलेली नाही.