बोटे पांढरी पडतात तेव्हा : रेनॉड सिंड्रोमचे निदान व चिकित्सा

नवी मुंबईच्या दमट, उबदार हवेत थंडीने बोटे पांढरी पडणारा रुग्ण क्वचितच भेटेल, असा आमचाही अनेक वर्षे समज होता. परंतु येथे थंडी ऋतूतून कमी आणि व्यवसायातून अधिक येते. तुर्भ्याच्या बाजार समितीभोवतीची शीतगृहे, तळोज्यातील मासळी-प्रक्रिया कारखाने व वातानुकूलित कार्यालये यांतील कर्मचारी आपल्याच चिकित्सालयांत येत असतात.

काही वर्षांपूर्वी बर्फातील कोळंबी सोलण्याचे काम करणारी, चाळिशी ओलांडलेली एक भगिनी आमच्याकडे आली. बोटे आधी पांढरी, मग निळी आणि ऊब मिळताच लाल होत. मुंग्या व ठणका असे. शीताने वृद्धी, उष्णाने उपशय हे पाहून आम्ही वातव्याधी ठरविला व अभ्यंग-स्वेदन आरंभिले. ठणका कमी झाला, आम्हीही निश्चिंत झालो. दीड वर्षाने ती बोलता बोलता म्हणाली, "डॉक्टर, अंगठी निघत नाही आणि भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही." बोटांची त्वचा ताणलेली व चकाकणारी दिसत होती. तपासण्यांत स्क्लेरोडर्मा निघाला. फुफ्फुसांतही तंतुमयता सुरू झाली होती. उपशय मिळाला म्हणून आम्ही निदान तेथेच थांबविले, ही चूक आमची होती.

प्राथमिक की दुय्यम?

फ्रेंच वैद्यक मोरिस रेनॉड यांनी १८६२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. शीतस्पर्शाने किंवा मानसिक ताणाने बोटांतील सूक्ष्म धमन्या अतिरेकी आकुंचन पावतात. प्राथमिक प्रकार बहुधा १५ ते ३० या वयात, स्त्रियांत अधिक, दोन्ही हातांना सारखा आढळतो. त्यात व्रण होत नाहीत. दुय्यम प्रकारामागे दुसरा व्याधी वा कारण असते. तिशीनंतरचा आरंभ, एकाच हाताची किंवा मोजक्याच बोटांची तक्रार, बोटांच्या टोकांवर व्रण, त्वचेचा ताठरपणा, सांधेदुखी, गिळण्यास त्रास, कोरडा खोकला वा धाप यांपैकी काहीही आढळल्यास एएनए तपासणी व संधिवाततज्ज्ञांचा सल्ला टाळू नये. स्क्लेरोडर्मात बोटांची ही तक्रार इतर लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकते. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब ठेवून डर्मॅटोस्कोपने पाहिल्यास रुंदावलेल्या केशवाहिन्या दिसतात; ही सूचक खूण होय.

व्यवसाय व व्यसन अवश्य विचारावे. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या कामगारांची पांढरी पडणारी बोटे नोंदविली. पारसिक डोंगररांगेतील दगडखाणींत ड्रिल चालविलेल्या कामगाराला हाच प्रश्न विचारावयास हवा. धूम्रपान करणाऱ्या तरुण पुरुषात बर्जर व्याधीचाही विचार करावा.

आयुर्वेदीय विचार व उपचार

संहितांत या व्याधीला स्वतंत्र नाव नाही. परंतु प्रत्येक विकाराला नाव देता आले नाही तरी वैद्याने लाजू नये, दोष, अधिष्ठान व हेतू ओळखून चिकित्सा करावी, असे चरकाचार्यांनीच सांगितले आहे. शीत-रूक्ष गुणांनी प्रकुपित व्यानवायू, सिरासंकोच व रक्ताचा मार्गावरोध अशी संप्राप्ती आम्ही मानतो. वातरक्ताशी तिचे साम्य तपासून पाहावे.

निदानपरिवर्जन हाच पहिला उपचार होय. कोरडे सुती हातमोजे आत व रबरी वर, ओले झालेले मोजे तत्काळ बदलणे, केवळ हात नव्हे तर सर्व शरीर उबदार राखणे आणि तंबाखू पूर्ण बंद. व्रण नसल्यास कोमट तिळतेलाने किंवा महानारायण तेलाने मृदू अभ्यंग करावा. गुडूची, रास्ना, अश्वगंधा व दशमूळ यांची योजना प्रकृती व बल पाहून करावी. बस्तीचा विचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावा.

व्रणावर वा काळवंडलेल्या बोटावर मर्दन-स्वेदन करू नये. बधिर हाताला पाण्याचा चटका कळत नाही, म्हणून ते दुसऱ्याने तपासावे. वातप्रधान अवस्थेत रक्तमोक्षण टाळावे. बोट निळे-काळे राहून ऊब देऊनही पूर्ववत होत नसेल, तर रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. चालू असलेले निफेडिपिन आपण परस्पर बंद करू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

श्वासावरील काही कल्पांत सोमलता असते. तिच्यातील एफेड्रीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रीन, अर्धशिशीसाठीचे अर्गोटामाइन व रक्तदाबावरील काही बीटा-ब्लॉकर औषधांनीही हा त्रास वाढू शकतो. ग्राहकाने थंडीत बोटे पांढरी होतात असे सांगितल्यास लेबल वाचूनच औषध द्यावे व वैद्याकडे पाठवावे.

आमची ती रुग्णा आज संधिवाततज्ज्ञांच्या उपचाराखाली आहे. आमची चिकित्सा त्यांना सांगून पूरक म्हणून चालते. कारखान्याने तिला बर्फाच्या टेबलावरून नोंदणीच्या कामावर घेतले. तेव्हापासून आमच्या केसपेपरवर तीन प्रश्न छापलेले आहेत : काम कोणते करता? घास अडकतो का? बोटांची कातडी ताठरली का? विचारावयास एक मिनिटही लागत नाही.