तार जुळली हे कसे ओळखावे?

मावळात मळवली स्थानकाजवळ भाजे लेणी आहेत. सुमारे २२०० वर्षांपूर्वीच्या या लेण्यांतील एका विहाराच्या भिंतीवर तंतुवाद्य वाजवणारी आकृती कोरलेली आहे. त्या वादकापुढे जो प्रश्न असेल, तोच आज पहिल्यांदा तंबोरा लावायला बसलेल्या मुलापुढे असतो : तार जुळली हे ओळखायचे कसे? ‘त्याला कान लागतो’ असे उत्तर मिळाले की मूल स्वतःला बेसूर ठरवून मोकळे होते. वास्तविक येथे मोजता येण्याजोगी एक खूण आहे.

प्रथम जोडाची एक तार पेटीच्या षड्जाशी जुळवून घ्यावी. समजा, तिची वारंवारता १२० हर्ट्झ आहे आणि दुसरीची १२३. दोन्ही एकदम छेडल्या तर आवाज सेकंदाला ३ वेळा लहानमोठा होतो. यांना विस्पंद म्हणतात. खुंटी किंचित फिरवावी. विस्पंद मंदावले तर दिशा बरोबर, वाढले तर उलट फिरवावे. ते थांबले की तारा जुळल्या. शेवटचा बारीक फरक घोडीमागचा मणी सरकवून काढतात.

पंचमाचे काय? षड्ज १२० तर मंद्र पंचम ९० हर्ट्झ. मूळ स्वर वेगळे असले तरी प्रत्येक तारेतून पटीतले उपस्वरही निघतात. ९० ची चौपट ३६० आणि १२० ची तिप्पटही ३६०! पंचम ९१ झाला, तर ३६४ आणि ३६० यांच्यात सेकंदाला ४ विस्पंद होतील. तंबोऱ्याची रुंद, वक्र घोडी आणि जवारीचा दोरा यांमुळे हे उपस्वर ठळक ऐकू येतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या रचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

खुंटी हळूच का फिरवायची? वारंवारता दुप्पट व्हायला ताण चौपट लागतो. घाई केली की तार तुटते. लोणावळ्याच्या पावसाळी हवेत लाकूड ओल शोषून फुगते, म्हणून सकाळी लावलेले वाद्य संध्याकाळी पुन्हा जुळवावे लागते. तो शिकणाऱ्याचा दोष नव्हे. खुंटी घसरत असेल तर तिला थोडा खडू लावावा.

वर्गात वाद्य नसले तरी चालेल. २५६ हर्ट्झचे दोन नादकाटे घ्या. एकाच्या भुजेला थोडे मेण चिकटवा, दोन्ही वाजवून बुंधे टेबलावर टेकवा. मेण लावलेल्या काट्याची वारंवारता घटते आणि विस्पंद ऐकू येतात. ते मुलांना मोजू द्या. युकुलेले असो वा तंबोरा, मोबाइलवरील साधन काटा दाखवील. पण तार जुळताना थांबणारी ती थरथर एकदा स्वतः ऐकलेले मूल पुन्हा ‘मला कान नाही’ असे सहसा म्हणणार नाही.